काशीभावजींच्या गाडीची डावी सीट

“स्कूटरवर चार माणसं बसतात! हिच्यात दोन! आन वर टप पण नाय!”

ही माझी धाकटी जाऊ गोदू ओरडत होती, तिच्या नवऱ्यावर, म्हणजे माझ्या धाकट्या दिरावर, काशीरामवर. मी माझ्या घरात तांदूळ निवडत बसले होते. आमच्या दोन घरांच्या मध्ये तेव्हा कुडाची भिंत होती. कान लावायची गरज नव्हती. गोदू बोलायला लागली की भिंत पक्की असती तरी काही फरक पडला नसता.

झालं होतं असं. काशीभावजी आपटा गावात नदीकाठच्या एका बंगल्यावर ड्रायव्हर होते. मालक म्हातारे, एकटे, पोरं परदेशात. बंगला बंद करून तेही पोरांकडे निघाले. जाताना म्हणाले, काशीराम, इतकी वर्षं सांभाळलंस मला, स्कूटर ने नाहीतर ही छोटी गाडी ने, तुला हवं ते. छोटी गाडी म्हणजे जुनी विलायती, लाल, शर्यतीची म्हणतात तसली. नाक लांब, पोट जमिनीला टेकलेलं आणि बसायला जागा दोन. पाऊस आला तर वर एक कापड ओढायचं, तेही अर्धं फाटलेलं. शहाण्या माणसाने स्कूटर आणली असती. भावजींनी गाडी आणली.

“घरात आपण नऊ माणसं,” गोदूचं चाललं होतं. “एक तुमी बसाल, एक मी बसन. बाकीच्यांना काय दोरीनं बांधून वडत न्यायचं?”

“तू कशाला बसशील?” भावजी म्हणाले.

मी हातातलं सूप खाली ठेवलं.

“म्हंजे?”

“एक मी. आन दुसरी सीट ज्याला गरज हाय त्याची. तुला काय झालंय? धडधाकट हायस.”

मग भांड्यांचा आवाज आला. कोणतं पातेलं ते मला कळलं नाही, पण मोठं होतं. गोदूने तिथल्या तिथे सांगून टाकलं की या डबड्यात मी जिवंतपणी पाय ठेवणार नाही. आणि तिने शब्द पाळला हो. भावजींनीही आपला पाळला.

तेव्हा आमच्या गावातून पनवेलला जायचं तर बैलगाडी नाहीतर पाय. रिक्षा गावात यायला तयार नसत, रस्ता म्हणण्यासारखा नव्हता. त्या डाव्या सीटवरून कोण कोण गेलं सांगू? अडलेल्या बाया गेल्या. मिठागरावर पाय कापलेले गडी गेले, पायाला धोतर गुंडाळून. शाळेतले मास्तर ताप घेऊन गेले. एकदा एक शेळी गेली, पण ती हौसाची शेळी होती आणि हौसाचं सगळं पोट तिच्यावर होतं, म्हणून भावजींनी ती गरज मानली. नवरदेव तर सगळेच त्या गाडीतून मांडवात गेले. कुणी विचारलं की नवरदेवाला काय गरज, तर भावजी म्हणायचे, “त्याच्यावानी घाबरलेला माणूस गावात दुसरा हाय का?”

आमचे हे, म्हणजे भावजींचे थोरले भाऊ, तेही शेवटी त्याच सीटवर बसून दवाखान्यात गेले. छातीत कळ येत होती. भावजी जपून चालवत होते, तर हे म्हणाले, “काश्या, जोरात घे. पहिल्यांदाच बसतोय, वारा तरी खाऊ दे.” दवाखान्यातून ते काही परत आले नाहीत. पण वारा खात गेले, हसत गेले, हे भावजींनी मला येऊन सांगितलं. कितीदा मी ते आठवलं असेल. माणसाने माणसाला आणखी काय द्यायचं असतं?

पुढे गावाच्या चारी बाजूंनी इमारती आल्या. रस्ते आले, रिक्षा आल्या, पोरांच्या दारात मोठमोठ्या गाड्या आल्या. तरी भावजींची गाडी राहिलीच. नवरदेवाला तीच लागायची. आता तर जास्तच, कारण तिच्यात फोटो चांगले येतात म्हणे.

आणि प्रणितच्या लग्नात तिने घात केला.

प्रणित म्हणजे आमच्या आळीतल्या हरेशचा आणि मनिषाचा मुलगा. गाडी नटवायला बाहेरून डेकोरेशनवाला बोलावला होता. पुढे बेंजोवाले, त्यांच्यापुढे नाचणारी पोरं, आणि मागून मुंगीच्या पायाने गाडी. देवळापासून मांडव हाकेच्या अंतरावर, पण पोरं दर चार पावलांवर थांबून नाचणार. मांडव समोर दिसायला लागला आणि गाडीच्या नाकातून फस्स् करून वाफ निघाली. मागोमाग गंजाचं उकळतं पाणी उडालं. भाजलं कुणाला नाही, देवाची कृपा. पण प्रणित घाबरून खाली उतरला, पुढे काय झालं बघायला गेला, आणि त्याच्या मोतिया रंगाच्या शेरवानीवर चहा सांडल्यासारखे डाग पडले.

मनिषाची जीभ आधीच धारेची. भर रस्त्यात म्हणाली, “काशीकाका, आता ही भंगारात घाला आन तुमी पण घरात बसा. पोराचे फोटो वाया घालवले.”

पोरांनी ढकलत गाडी घरी आणली. भावजी मागून पायी आले, हातात टोपी.

त्यांचा मुलगा मितेश तळोज्याला कारखान्यात आहे. मोठमोठ्या मशिनी तापू नयेत म्हणून पाणी फिरवतात, ते त्याच्याकडे. आख्ख्या कारखान्याचं डोकं थंड ठेवतो आणि घरात आला की बापाबरोबर स्वतः तापतो. त्याने गाडीचं झाकण उघडलं, हात घालून बघितलं आणि म्हणाला, “बाबा, रेडिएटर गेला. वरची टाकी फाटलीय. दुसरा लागेल.”

रेडिएटर म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. गाडीच्या नाकामागे जाळीची एक चौकट असते. इंजिनचं तापलेलं पाणी तिच्यातल्या बारीक नळ्यांतून फिरतं, पुढून वारा लागतो, पाणी निवतं आणि परत आत जातं. आपण बशीत चहा ओतून फुंकर मारतो ना, तेच.

आता साधी गोष्ट होती, आणायचा दुसरा आणि बसवायचा. पण दोन गोष्टी आडव्या आल्या. एक म्हणजे माघात भाविकाचं लग्न होतं. भाविका मितेशची मुलगी, भावजींची एकुलती नात. पोरगी दुधाच्या दातांची होती तेव्हापासून सांगत आलेली की मी मांडवात आज्याच्या गाडीतून जाणार, आज्याच्या बाजूला बसून. दुसरी म्हणजे मुंबईचे एक गृहस्थ कधीपासून गाडी मागत होते. त्यांच्या बंगल्यात काचेची खोली आहे, तिच्यात उभी करून ठेवणार. भावजी त्यांना हसून वाटेला लावायचे. या वेळी हसले नाहीत. त्यांना फोनवर म्हणाले, “नातीचं लग्न होऊन जाऊ द्या. तिला मांडवात पोचवली तर गाडी माझी. नाय पोचवली तर घेऊन जा.”

मी ओट्यावरून ऐकलं. “भावजी, असं का बोलता?” म्हटलं.

“वयनी, जी गाडी नातीला नेऊ शकत नाय ती दुसऱ्या कुणाला काय नेणार? काचेत तरी चांगली दिसल.”

गोदू आतून म्हणाली, “घरात जागा तरी व्हईल.” पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

मग रेडिएटर निवडायचं सुरू झालं. अहो, भाविकाला नवरा बघताना इतका घोळ घातला नव्हता. मितेश रोज मोबाईलवर फोटो दाखवायचा. “हा बघा बाबा, अॅल्युमिनियमचा. नवा कोरा. हलका आहे, लवकर थंड होतो. वीसेक दिवसांत घरपोच.”

भावजी चष्मा लावून बघायचे. “हँडल घालायला भोक कुठाय?”

ही गाडी कधी बॅटरीने रुसली की पुढून लोखंडी हँडल घालून फिरवून चालू करायची. जुन्या रेडिएटरला खाली त्यासाठी वाट सोडलेली होती. नव्याला नव्हती.

“आता कोण हँडल मारतं?”

“मी मारतो.”

“तुमच्या वयाला?”

“वय गाडीचं पण झालंय. ती चालते ना?”

“नाही चाललीय ती! तोच तर विषय आहे!” मितेश ओरडायचा आणि गोदू ताटं वाढायला घ्यायची. त्यांच्या घरात भांडण मिटवायची हीच रीत. तोंडात घास असला की ओरडता येत नाही.

शेवटी एका रविवारी दोघं बापलेक जुन्या हायवेवर शब्बीर मुल्लांच्या दुकानात निघाले. मला बाजारात जायचं होतं, म्हणून मीही रिक्षात चढले. जुना रेडिएटर भावजींच्या मांडीवर, चादरीत गुंडाळलेला. रिक्षावाला आरशातून बघत होता. त्याला वाटलं असेल, म्हातारा नातवंड घेऊन दवाखान्यात चाललाय.

शब्बीरभाईंचं दुकान म्हणजे चारी भिंतींना रेडिएटर टांगलेले, ट्रकचे दरवाज्याएवढे, रिक्षाचे पाटीएवढे. त्यांनी आमचा घेतला, उलटा केला, हातोडीने हळूच टकटक केलं. मग वरची टाकी तापवून सुटी केली आणि आम्हाला आत बघायला सांगितलं.

नळ्यांच्या तोंडाशी पांढरे खडे जमले होते.

“काशीचाचा, पाणी कोणतं घालता?” शब्बीरभाईंनी विचारलं.

“बोअरचं. आमच्या दारातल्या.”

“माशाल्ला! आत मिठागर लावलंय तुम्ही.”

मितेश वळून बघायला लागला. “किती वर्षं सांगतोय बाबा, खारं पाणी नका घालू. कुलंट घाला म्हणून!”

आमच्या सासऱ्यांचं मिठागरच होतं. आमचं जन्मभराचं पाणी खारं, त्याच पाण्याने आम्ही मोठे झालो. त्याने गाडीला काही होईल हे भावजींना कसं वाटावं? ते खडे बोटाने खरवडत राहिले. मग म्हणाले, “मित्या, तुझं बरोबर होतं.” इतकंच. बापाकडून असं ऐकायची मितेशला सवय नव्हती.

शब्बीरभाईंनी मांडून सांगितलं. जीपचा तयार रेडिएटर मिळेल, आजच्या आज, पण बसवायला गाडीचं नाक आतून कापावं लागेल. अॅल्युमिनियमचा थंड करेल चांगला, त्यात खोट नाही, पण उद्या त्याला चीर गेली तर माझ्या दुकानात डाग देऊन जोडता येणार नाही, फेकून द्यावा लागेल. तिसरा रस्ता म्हणजे वरची आणि खालची पितळी टाकी हीच ठेवायची, मधली जाळी नवी भरायची. पहिल्या जाळीत नळ्यांच्या दोन ओळी होत्या, तीन बसवू. हँडलची वाट सोडू.

“मांडवापर्यंत माणसाच्या चालीनं जायचंय,” भावजी म्हणाले. “तापणार नाय?”

“वारा लागला तर तापणार नाही. ही गाडी पळण्यासाठी बनलीय चाचा, तुम्ही तिला वरातीत चालवता. वारा कुठून आणायचा?”

“पंखा,” मितेश म्हणाला. “जाळीच्या मागे विजेचा पंखा लावतो. गाडी उभी असली तरी हवा ओढेल.”

शब्बीरभाईंनी मान डोलावली. भावजींनी एकदा मुलाकडे बघितलं, एकदा पितळी टाकीकडे. “टाकी जुनी, जाळी नवी, पंखा तुझा,” म्हणाले. “चाललं?”

“चाललं.”

एवढ्यासाठी दोन महिने जेवणं निवली होती.

रेडिएटर तयार होऊन आला, बसला. मितेशने पाण्यात मिसळायचं हिरवं कुलंट आणलं, आणि पाणी म्हणून गोदूच्या स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं काढलं. गोदू म्हणाली, “बरा न्याय हाय. माणसांनी बोअरचं प्यावं आन या बयेला फिल्टरचं!”

मग मैदानात परीक्षा घेतली. उन्हात, मितेश पुढे चालतोय, मागून भावजी गाडीत. तो मध्येच थांबून नाचल्यासारखं करायचा, कारण वरात खरी वाटायला हवी. सगळी आळी बघून हसत होती. गाडी किती तापली ते दाखवणारा काचेमागचा काटा मधोमध उभा राहिला, तिथून हलला नाही. भावजी उतरले तेव्हा त्यांची मान सरळ झालेली मी बघितली. त्या रात्री ते नीट जेवले, असं गोदूने मला सांगितलं. सांगताना डोळे पुसले, आणि वर म्हणाली की कांद्यानं होतंय. कांदा कुठे दिसत नव्हता.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गोदूकडे गेले तर ती दारात नाही, स्वयंपाकघरात नाही. बाहेर गाडीपुढे पाट टाकून बसली होती. मांडीवर झेंडूचा हा ढीग. बाजारातून पोतं भरून आणवला होता तिने. प्रणितच्या लग्नात डेकोरेशनवाल्याने लावली होती तशी फुलांची चादर ओवत होती, पण त्याच्या दुप्पट जाड. गाडीच्या सगळ्या नाकावर तिने ती बांधली, फट राहू दिली नाही.

“काय गं, आज सवतीचे लाड?” मी म्हटलं.

“गप बस बाय. नात बसणार हाय तिच्यात. गावानं नाव ठेवायला नको.”

भावजी आले, बघितलं, आणि काही न बोलता आत गेले. ते बोलले असते तर तिने सगळं तोडून टाकलं असतं. त्यांना माहीत होतं.

संध्याकाळी गावदेवीच्या पाया पडून भाविका गाडीत बसली. हिरवा शालू, मुंडावळ्या, हातात नारळ. बाजूला भावजी, पांढरा सदरा, टोपी. बेंजो सुरू झाला. मी आणि गोदू गाडीच्या बाजूने बायकांत चालत होतो. मनिषाही होती, नटून थटून, डोळा गाडीच्या नाकावर.

अर्धी वाट गेली. पोरं नाचत होती. मी सहज भावजींकडे बघितलं. ते समोर बघत नव्हते. काट्याकडे बघत होते.

काटा चढत होता.

भाविकाने त्यांच्या हातावर हात ठेवला. “आज्या, थांबवायची का? मी चालत येते. खरंच.”

“बस,” भावजी म्हणाले. “नाय उतरायचं.” पण गाडी त्यांनी थांबवली. दुसरं काय करणार? बेंजोही थांबला. मागून कुणीतरी म्हणालंच, “झालं, परत तेच.”

मितेश धावत आला. आधी झाकण उघडून जाळीमागचा पंखा बघितला. पंखा जोरात फिरत होता. नळी बघितली, गळत नव्हती. मग तो पुढे येऊन उभा राहिला आणि नाकाने वास घेतला. तेव्हा मलाही वास आला. चुलीवर झेंडूची भाजी शिजत ठेवावी तसा. त्याने फुलांच्या चादरीला हात लावला. ती आत ओढली जाऊन जाळीला अशी चिकटली होती, जसं ओलं फडकं ताटाला चिकटावं. वारा जायला सुईएवढी जागा नव्हती.

“आई!” मितेश ओरडला. “तू तिचं नाक दाबलंयस!”

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग एकदम उजेड पडला. पूर्वी आम्ही गाडीला आंब्याचा डहाळा आणि फुलांची एक माळ बांधायचो. चादर पहिल्यांदा आली ती प्रणितच्या लग्नात. खारं पाणी, जुनी जाळी, हे सगळं होतंच. पण त्या दिवशी वरून तिचा श्वासही आम्हीच कोंडला होता, नटवायच्या हौसेने. आणि आज पुन्हा.

गोदू पुढे झाली आणि दोन्ही हातांनी ती चादर ओरबाडायला लागली. सकाळपासून बोटं दुखेस्तोवर ओवलेली. मी हात लावला, बायका आल्या. मनिषाने तर दातांनी दोरा तोडला. ती स्वतःशीच म्हणाली, “म्हंजे पोराची शेरवानी आमच्याच डेकोरेशननं घालवली की.” मग मोठ्याने म्हणाली, “काशीकाका, मी बोलले ते ऱ्हाऊ द्या हो.”

“तू कवा काय बोललीस?” भावजी म्हणाले.

काटा हळूहळू खाली उतरला. गोदू गाडीपाशी उभी होती, पदराला शिजलेल्या पाकळ्या चिकटलेल्या. म्हणाली, “इतक्या वर्षांत एकदा माया करायला गेले.”

“तू माया नको करू,” भावजी म्हणाले. “तू भांड. तुझ्या भांडणावर तर ती इतकी वर्षं चाललीय.”

आख्खी वरात हसली. भाविका इतकी हसली की मुंडावळ्या वाकड्या झाल्या. तोडलेली फुलं बायकांनी एकमेकींच्या डोक्यात खोवली, बेंजोवाल्यांच्या खिशात घातली, आणि गाडी उघड्या नाकाने मांडवात गेली. नवरी आज्याच्या बाजूच्या सीटवरूनच उतरली. जेवायला शब्बीरभाई आले होते. त्यांना कुणीतरी झालेलं सांगितलं, तर म्हणाले, “चाचा, मी जाळी भरली, चाचींनी तिच्यात बाग लावली!”

मुंबईच्या गृहस्थांना भावजींनी दुसऱ्या दिवशी फोन केला. काचेच्या खोलीत काहीतरी दुसरं ठेवा म्हणाले.

भावजी गेल्या मे महिन्यात गेले. सकाळी उठलेच नाहीत. कुणाला त्रास नाही, कुणाला निरोप नाही. आदल्या दिवशी मनिषाच्या पायाचं प्लास्टर काढायचं होतं, खांदा कॉलनीतल्या दवाखान्यात. हरेश म्हणाला मी मोठ्या गाडीतून नेतो, तर मनिषा म्हणाली, तुझ्या गाडीत चढताना दुसरा पाय मोडेल, मला काशीकाकांच्या बसक्या गाडीतूनच जायचंय. मी ओट्यावरून म्हटलं, “भावजी, येताना बाजारातून सुका जवला आणा. पावसाआधी भरून ठेवायचाय.”

“जवला ही गरज हाय का, वयनी?”

“मंग काय हाय?”

“बरं,” म्हणाले आणि गेले.

उन्हं कलायच्या आत परत आले. मनिषाला तिच्या दारात हात धरून उतरवलं. माझ्या ओट्यावर पिशवी ठेवली. “जवला चांगला नव्हता, सुकट आणलीय. निवडून घ्या, वाळू असल.” मग गाडी छपराखाली लावली, निवायची वाट बघत पायरीवर बसून राहिले. निवल्यावर झाकण उघडलं, फिल्टरचं पाणी घातलं. गोदू आतून फिल्टर रिकामा झाल्याचं ओरडत होती. डाव्या सीटवर मनिषाच्या प्लास्टरचा पांढरा भुगा सांडला होता, तो त्यांनी फडक्याने पुसला, फडकं झटकलं, दारावर वाळत टाकलं, आणि हात धुवायला आत गेले.